लाईट गेली की कॅमेरा हरवतो: पक्का आयपी कुणाला द्यायचा आणि कुठून

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात दोन मजली घर. खाली हॉलमध्ये इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा राऊटर, वरच्या मजल्यावर रेंजसाठी स्वतः विकत घेतलेला दुसरा. चार वायफाय कॅमेरे आणि त्यांचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), हौदातलं पाणी टाकीत चढवणाऱ्या मोटरीवर स्मार्ट स्विच, टाकीत लेव्हल सेन्सर, प्रिंटर, दोन टीव्ही, दहा-बारा बल्ब आणि प्लग. हे सगळं एकत्र चालवायला रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर. लाईट जाऊन आली की एखाद-दुसरा कॅमेरा एनव्हीआरवर काळा पडतो. मोटर कंपनीच्या ॲपमधून चालते, पण होम असिस्टंटला सापडत नाही. सगळ्यांना फिक्स आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला न बदलणारा पत्ता, द्यावा का, तो उपकरणात भरावा की राऊटरमध्ये, आणि इंटरनेट कंपनीचा माणूस ‘स्टॅटिक आयपी घ्या’ म्हणतोय ते घ्यावं का?

सगळ्यांना देऊ नका. घरातलं दुसरं कोणीतरी ज्याला शोधत येतं, त्यालाच द्या. तो राऊटरमध्ये नोंदवा, उपकरणात भरू नका. मात्र तुमच्या घरात त्याच्याही आधी करायचं एक काम आहे, कारण मला दिसतंय त्याप्रमाणे तुमचा अर्धा त्रास आयपी फिक्स नसल्यामुळे होतच नाही. तो वरच्या राऊटरमुळे होतो.

आधी तेच बघू. खालच्या मजल्यावर फोन वायफायला जोडा, वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन आपला आयपी आणि गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राऊटरचा पत्ता) बघा. मग जिना चढून वर जा, वरच्या राऊटरला जोडा आणि पुन्हा बघा. खाली १९२.१६८.२९ पासून सुरू होणारा आणि वर १९२.१६८.० पासून सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुमच्या घरात एक नेटवर्क नाही, दोन आहेत. वरचा राऊटर दुकानातून आणला, खालून आलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेट आत घेणाऱ्या) पोर्टात घातली, वायफायचं नाव आणि पासवर्ड खालचाच ठेवला, आणि सगळं चालू झालं म्हणून पुढे कोणी बघितलं नाही. मी जातो त्या दुमजली घरांत हे इतक्या वेळा असतं की आता आधी वर जाऊनच बघतो.

अशा घरात लाईट आल्यावर काय होतं? जिन्यातला कॅमेरा दोन्ही राऊटरांच्या रेंजमध्ये आहे. त्याला नाव दोघांचं सारखंच दिसतं, त्यामुळे जो आधी उठेल त्याला तो चिकटतो. आज खालच्याला, उद्या वरच्याला. वरच्याला चिकटला की त्याचा पत्ताच दुसऱ्या नेटवर्कचा होतो. वरची उपकरणं खालच्यांपर्यंत पोचू शकतात, पण खालून वर जाता येत नाही, कारण वरचा राऊटर मधे नॅट करून, म्हणजे आपल्यामागचे सगळे पत्ते स्वतःच्या एका पत्त्याआड लपवून, दार लावून बसलेला असतो. एनव्हीआर खाली आहे, तो कॅमेऱ्याला हाका मारत राहतो, उत्तर येत नाही. आणि गंमत म्हणजे कॅमेऱ्याच्या मोबाईल ॲपमध्ये चित्र व्यवस्थित दिसतं, कारण ते इंटरनेटवरून फिरून येतं. मग माणूस म्हणतो, कॅमेरा चांगला आहे, एनव्हीआर बिघडला. एनव्हीआरचा काही दोष नसतो.

उलटा प्रकारही असतो: केबल वरच्या राऊटरच्या लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टात, पण त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, चालूच. म्हणजे एकाच नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारे दोघे. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता उपकरण घेतं. वरच्याकडून घेतला, तर तो गेटवे म्हणून स्वतःलाच सांगतो, आणि त्याच्या वॅन पोर्टात काहीच नसतं. वायफायच्या पूर्ण कांड्या, इंटरनेट शून्य.

दोन्हींवर उपाय एकच. घरात पत्ते वाटणारा एकच हवा. वरच्या राऊटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (नुसतं वायफाय पसरवायचं, पत्ते वाटायचे नाहीत) असेल तर तो निवडा, बाकी तो स्वतः बघून घेतो. नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला मुख्य नेटवर्कमधलाच एक मोकळा पत्ता द्या आणि केबल लॅन पोर्टात घाला. हे झाल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. दोन नेटवर्क असताना केलेलं रिझर्व्हेशन, म्हणजे राऊटरमधली पक्क्या पत्त्याची नोंद, वायाच.

आता मूळ मुद्दा. डीएचसीपी ही पद्धत आज ज्या रूपात चालते, ती १९९७ च्या मार्चमध्ये ठरली. उपकरण विचारतं, मला पत्ता द्या. राऊटर आपल्या साठ्यातला एक मोकळा पत्ता काही मुदतीसाठी देतो आणि वहीत नोंद करतो. मुदत कुठे दोन तास, कुठे चोवीस. अर्धी मुदत संपली की उपकरण स्वतःहून वाढवून मागतं, म्हणून चालू घरात पत्ता सहसा बदलत नाही. बदलतो तो लाईट गेल्यावर, कारण बऱ्याच घरगुती राऊटरांची ही वही फक्त चालू मेमरीत असते. बंद पडले की वही कोरी. फोन आणि लॅपटॉप आपला जुना पत्ता लक्षात ठेवून तोच मागतात, पण स्वस्त स्विचमधली चिप बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात करते. त्यातही पुष्कळ राऊटर उपकरणाच्या मॅक ॲड्रेसवरून (त्याच्या ओळख क्रमांकावरून) हिशेब करून पत्ता काढतात, त्यामुळे तो मोकळा असेल तर पुन्हा तोच मिळतो. म्हणूनच सहा महिने काही होत नाही, आणि पाहुणे आलेल्या आठवड्यात लाईट गेली की मोटरीचा पत्ता कुणाच्या तरी फोनला गेलेला असतो.

आता तुमची मोटर. कंपनीच्या ॲपमधून ती चालते, कारण स्विच स्वतः बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जाऊन जोडलेला असतो. बाहेर जाणाऱ्याचा घरातला पत्ता कुठलाही असो, फरक पडत नाही. होम असिस्टंट मात्र घरातल्या घरात थेट स्विचकडे जातो आणि त्याच्याकडे जुना पत्ता लिहिलेला आहे. तिथे आता स्विच नाही. एवढंच.

म्हणून कुणाला फिक्स पत्ता हवा हे ठरवताना एकच विचारायचं: हाक कोण कुणाला मारतं? तुमची यादी घेऊन बसू. एनव्हीआर कॅमेऱ्यांना हाक मारतो, तेव्हा चारही कॅमेऱ्यांना हवा. लॅपटॉप प्रिंटरला हाक मारतो, प्रिंटरला हवा. मोटरीचा स्विच, वर सांगितलं तसं, हवाच. एनव्हीआरकडे तुम्ही फोनवरून घरातल्या घरात जाता, त्यालाही द्या. बल्ब आणि प्लग फक्त कंपनीच्या ॲपवर चालत असतील तर त्यांना देण्याची गरज नाही. ते बाहेर हाक मारतात. टीव्हीला नको, फोनवरून त्याच्यावर चित्र टाकताना तो स्वतः आपली जाहिरात करत असतो. झिगबीचे (वायफायऐवजी वेगळ्या रेडिओवर चालणारे) सेन्सर असतील तर त्यांना आयपी नसतोच, त्यांच्या हबला असतो, आणि हबला मात्र द्यायचा.

लेव्हल सेन्सरचं थोडं वेगळं आहे. तो ईएसपी८२६६ या वायफाय चिपवर टास्मोटा हे सॉफ्टवेअर टाकून केलेला असेल आणि एमक्यूटीटीवर (सेन्सरने एका मध्यवर्ती ठिकाणी निरोप पाठवायची पद्धत) बोलत असेल, तर तो रास्पबेरी पायला हाक मारतो. सेन्सरचा पत्ता बदलला तरी चालेल, पायचा बदलला तर सेन्सर एका क्षणात मुका होतो. त्यामुळे तुमच्या घरातला पहिला पक्का पत्ता रास्पबेरी पायचा. त्याच्यावर बाकी सगळे विसंबून आहेत. तो केबलने जोडा, वायफायने नको. केबलचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, तेव्हा नोंद करताना केबलवाला घ्या. प्रिंटरच्या नोंदीलाही हेच लागू.

आता पत्ता उपकरणात का भरू नये. बरेच सीसीटीव्हीवाले अजून उपकरणातच भरतात, आणि एनव्हीआरच्या मागच्या पोर्टांना थेट जोडलेल्या पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणाऱ्या) कॅमेऱ्यांपुरतं ते ठीक आहे. त्यांचं एनव्हीआरच्या आत वेगळंच नेटवर्क असतं, तुमच्या राऊटरला ते दिसतही नाहीत, तिथे हात लावू नका. पण घरच्या वायफायवरच्या उपकरणात पत्ता कोरला की तीन तोटे होतात.

एक, राऊटरला त्याची खबर नसते. तुम्ही प्रिंटरला शेवटी १०५ असलेला पत्ता दिला आणि राऊटरच्या साठ्यात १०५ आहेच, तर एक दिवस तो कुणाच्या तरी फोनला देतो आणि दोघं भांडत बसतात. मेहुणा आला की प्रिंटर बंद, मेहुणा गेला की चालू, अशी तक्रार ऐकली की मी हेच आधी बघतो. दोन, भरायला चार गोष्टी असतात: पत्ता, सबनेट मास्क (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा), गेटवे, डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर). मास्क घरी जवळजवळ नेहमी २५५.२५५.२५५.० असतो, गेटवे राऊटरचा पत्ता. डीएनएस रिकामा ठेवला तर कॅमेरा एनव्हीआरवर छान दिसतो, पण मोबाईलवर सूचना येत नाहीत आणि घड्याळ चुकत जातं, कारण वेळ विचारायला त्याला सर्व्हरचं नाव उलगडता येत नाही. रेकॉर्डिंगवरची वेळ पंधरा मिनिटं मागे दिसली की डीएनएस आणि गेटवे तपासा.

तिसरा तोटा सगळ्यात मोठा. राऊटर बदलला की संपलं. इंटरनेट कंपनी बदलता, नवा राऊटर येतो, त्याचं नेटवर्क १९२.१६८.१ चं, तुमचे कॅमेरे १९२.१६८.२९ मध्ये कोरलेले. एकही सापडत नाही. मग लॅपटॉपला हाताने त्या जुन्या नेटवर्कमधला पत्ता देऊन एकेका कॅमेऱ्यात शिरायचं, किंवा शिडी लावून रिसेटचं बटण दाबायचं. मे महिन्यात सोलापुरात दुपारी गच्चीवर शिडी लावून बघा, मग राऊटरमधल्या नोंदीची किंमत कळते.

हाताने भरायचा तो फक्त तिघांना: मुख्य राऊटर, वरचा ॲक्सेस पॉइंट, आणि पाय जर डीएनएस किंवा डीएचसीपीचं काम करणार असेल तर तोही. पत्ते वाटणाऱ्याने स्वतःचा पत्ता दुसऱ्याकडे मागून चालत नाही.

करायचं कसं, तर नेटवर्कच्या आकड्यापासून सुरू करा. १९९६ मध्ये घरगुती आणि ऑफिसच्या आतल्या वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले गेले, १९२.१६८ त्यातला सगळ्यात ओळखीचा. तिसरा आकडा तुमच्या मर्जीचा. ० आणि १ मी टाळतो, कारण निम्म्या ऑफिसांत तेच असतात आणि पुढे बाहेरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कमध्ये यायच्या खासगी वाटेने) घरी यायचं म्हटलं की दोन्हीकडचे पत्ते सारखे निघून घोळ होतो. मी बहुतेक घरांत १३ ठेवतो, एमएच १३ म्हणून; फोनवर सांगताना कुणी विसरत नाही. तर १९२.१६८.१३.१ राऊटर, १३.२ वरचा ॲक्सेस पॉइंट, १३.१० पाय, १३.११ एनव्हीआर, २१ ते २४ कॅमेरे, ३१ मोटर, ३२ टाकी, ४१ प्रिंटर. वाटपाचा साठा १०० ते २००, त्यात फोन, टीव्ही, पाहुणे, बल्ब. एकूण २५४ पत्ते मिळतात, घराला भरपूर झाले. काही राऊटर मात्र साठ्याबाहेरच्या पत्त्याचं रिझर्व्हेशन घेत नाहीत, चूक दाखवतात. तिथे साठा १० ते २०० करा. नोंदवलेला पत्ता तो दुसऱ्याला देत नाही, त्यामुळे भीती नाही. हाताने भरलेले १ आणि २ तेवढे साठ्याबाहेर राहिले की झालं.

मग प्रत्येकाचा मॅक ॲड्रेस. बारा अक्षर-आकड्यांचा असतो, उपकरणाच्या मागच्या स्टिकरवर किंवा ॲपमधल्या ‘डिव्हाइस इन्फर्मेशन’मध्ये सापडतो. पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्याची, पण ती ब्रँडची असतील असं नाही, आतल्या चिपची असतात. त्यामुळे राऊटरच्या यादीत चार वेगळ्या कंपन्यांचे प्लग चारही ‘एस्प्रेसिफ’ म्हणून दिसतील. घाबरू नका. एकेक प्लग काढा, यादीतून कोण गेलं बघा, लगेच नाव लिहा. ‘कॅमेरा १’ असं नाव देऊ नका. ‘जिना’, ‘गेट’, ‘गच्ची’ असं द्या, दोन वर्षांनी तुम्हालाच लागणार आहे.

नोंद केल्या केल्या पत्ता बदलत नाही, उपकरण पुढच्या वेळी विचारायला येईल तेव्हा बदलतो. म्हणून नोंद करून उपकरण बंद-चालू करा. नंतर दुसरी बाजूही दुरुस्त करायला लागते आणि लोक हेच विसरतात: एनव्हीआरच्या कॅमेरा यादीत नवे पत्ते, होम असिस्टंटमध्ये मोटरीचा नवा पत्ता, विंडोजमध्ये प्रिंटरचा पोर्ट. हे एकदाच. पुढे बदल नाही.

दोन ठिकाणी ही पद्धत फसते. गच्चीवरच्या कॅमेऱ्यासाठी वायफाय एक्स्टेंडर लावला असेल तर काही एक्स्टेंडर उपकरणाचा मॅक बदलून पुढे पाठवतात. राऊटरला स्टिकरवरचा मॅक कधी दिसतच नाही आणि नोंद लागू पडत नाही. राऊटरच्या यादीत त्या कॅमेऱ्याचा जो मॅक दिसतो तो नोंदवा, किंवा एक्स्टेंडर काढून केबल टाका. मी केबल टाका म्हणेन. दुसरं ठिकाण फोन. घरी कोण आहे हे होम असिस्टंटला फोनच्या पत्त्यावरून ओळखायचं असेल, तर अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खोटा मॅक दाखवतात. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो खोटा समजा. घरच्या वायफायपुरतं ते सेटिंग बंद करा, मग नोंदवा.

लाईटचं वेगळं बघायला लागेल. रिझर्व्हेशन केलं तरी लाईट आल्यावर वरचा ॲक्सेस पॉइंट आधी उठतो आणि खालचा राऊटर मागाहून. मधल्या वेळात उपकरणं वायफायला जोडली जातात, पत्ता मागतात, द्यायला कुणी नसतं. काही जण १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतात. तो दिसला की समजायचं, याला डीएचसीपी भेटलं नाही. चांगली उपकरणं थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, स्वस्त विचारत नाहीत. म्हणून राऊटर, फायबरचा डबा आणि ॲक्सेस पॉइंट तिन्ही छोट्या डीसी यूपीएसवर ठेवा. व्होल्टेज आणि पिन ॲडॉप्टरशी जुळवून घ्या. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पालटताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यात राऊटर रिस्टार्ट होतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा.

मोटरीबद्दल एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगतो. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, कधी अपरात्री, म्हणून मोटर वायफायवर टाकायचा मोह सगळ्यांना होतो आणि तो बरोबरही आहे. पण मोटरीचा सुरुवातीचा करंट चालू करंटच्या कितीतरी पट असतो. १६ अँपिअरच्या प्लगवर दीड एचपीची मोटर थेट चालवू नका, मधे कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा स्विच) घाला. आणि टाकी भरली की बंद, हौद रिकामा झाला की बंद, या दोन गोष्टी फ्लोट स्विचने पॅनेलमध्येच करा. आयपी कितीही पक्का केला तरी वायफाय हे वायफाय आहे. मोटर जळण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवू नये.

सगळं लागलं की राऊटरच्या सेटिंगचा बॅकअप फाईलमध्ये उतरवून घ्या आणि नोंदींच्या पानाचा फोटो काढून ठेवा. माझा कल घरच्यांनी आपला स्वतःचा राऊटर घ्यावा असाच असतो: कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद, आपला राऊटर त्याच्या मागे, घरातली सगळी उपकरणं आपल्या राऊटरवर. काही कंपनीच्या डब्यांत मोजक्याच नोंदी करता येतात, काहींत कंपनी दूरून अपडेट करते आणि नोंदी पुसल्या जातात. आपला राऊटर असला की कंपनी बदलली तरी घरातलं काही हलत नाही. कधी तोही बदलायची वेळ आली तर नव्यावर वायफायचं नाव, पासवर्ड आणि १९२.१६८.१३ हेच ठेवा, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ ठेवा, २.४ गिगाहर्ट्झ चालू ठेवा. बल्बांना कळणारही नाही.

राहिला कंपनीच्या माणसाचा स्टॅटिक आयपी. तो विकतोय ती वेगळीच वस्तू आहे: इंटरनेटवरून तुमचं घर ज्या पत्त्याने दिसतं तो बाहेरचा पत्ता. त्याने एनव्हीआरला जिन्यातला कॅमेरा सापडणार नाही. पैसे जातील आणि त्रास तसाच राहील. बाहेरच्या पत्त्याचा उपयोग बाहेरून थेट घरात यायला, आणि कॅमेऱ्यांसाठी तसं राऊटरमधलं पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून ठेवणं मला अजिबात पसंत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असे उघडे, कारखान्यातलाच पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेऊन मोठमोठ्या साईट बंद पाडल्या होत्या. बाहेरून बघायला कॅमेऱ्याचं ॲप आहे, होम असिस्टंटला यायला टेलस्केलसारखं व्हीपीएन पुरतं, आणि त्याला बाहेरचा पत्ता विकत घ्यावा लागत नाही. आज तुमच्याकडे काय आहे ते बघायचं असेल तर राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात, बाहेरून थेट कुणाला येताच येत नाही, आणि तुमच्या घरासाठी ते वाईट नाही. त्या माणसाला नको म्हणून सांगा, आणि त्याच पैशात डीसी यूपीएस घ्या.